सोलापूरचे डॉक्टर, परळचे शिक्षण आणि कडब्याच्या गंजीतली घोणस

परळ हे नाव ऐकले की आपल्याकडच्या माणसाच्या पोटात गोळा येतो. गावात कुणी म्हणाले, "अमक्याला परळला हलवलंय," तर ऐकणारा पुढचे काही विचारत नाही. पाव्हणेरावळे पैशाची जुळवाजुळव करायला लागतात. कुणी गाय विकतो, कुणी सोसायटीत जाऊन बसतो. आपल्या दृष्टीने परळ म्हणजे केईएम, टाटा, वाडिया. शेवटचे ठिकाण.

मी कृषी खात्यातला माणूस. पिकावरचा रोग आणि कीड हा माझा विषय, माणसाचा रोग नव्हे. तरीही आज या पानावर दवाखान्याचा विषय काढतो आहे, त्याला कारण घडले. ते आधी सांगतो.

दोन वर्षांपूर्वीची, मार्च महिन्यातली गोष्ट. आमच्या कार्यक्षेत्रातल्या एका गावात शेतीशाळा भरली होती. ज्वारीची काढणी उरकली होती, मालदांडीचा कडबा वाळून गंजी लागल्या होत्या. चाळीसेक शेतकरी चिंचेखाली बसलेले. मी हरभऱ्याच्या साठवणुकीबद्दल बोलत होतो. तेवढ्यात शेजारच्या वस्तीवरून पोरगा पळत आला. त्याच्या आईने जनावरांना टाकायला गंजीतली पेंढी ओढली आणि आतली घोणस उजव्या हाताला डसली.

आम्ही सगळे धावलो. आता बघा, त्या चिंचेखाली चाळीस माणसे होती. तिघांच्या जीपगाड्या उभ्या होत्या, मोटारसायकली तर मोजायलाच नकोत. प्रत्येकाच्या खिशात फोन होता. पण नेमके काय करायचे हे एकालाही धड ठाऊक नव्हते, आणि त्यात मीही आलो. एकाने चिंधीने दंड करकचून आवळला. दुसऱ्याने ब्लेड मागितले. कुणी म्हणाले, मिरची खायला द्या, तिखट लागते का बघू. शेवटी वडीलधाऱ्यांनी शेजारगावच्या उतरवणाऱ्याकडे न्यायचे ठरवले. मी विरोध केला, पण दबक्या आवाजात. बाई त्यांची, गाव त्यांचे, आपण बाहेरचे, असा विचार मनात आला. तिथे मंत्र झाला, पाला झाला, आणि तीन तास गेले. हात कोपरापर्यंत सुजला आणि हिरड्यांतून रक्त यायला लागले, तेव्हा कुठे गाडी दवाखान्याकडे वळली.

दवाखान्यात लस मिळाली, जीव वाचला. पण तीन तासांत विषाने मूत्रपिंडांवर घाव घातला होता. लघवी बंद झाली. तिचा दीर लालबागला चाळीत राहतो, पूर्वी गिरणीत होता. त्याच्या आधाराने तिला केईएममध्ये नेले. तिथे डायलिसिसवर डायलिसिस झाले. काही आठवड्यांनी मूत्रपिंडे पुन्हा काम करू लागली आणि बाई घरी आली. उजव्या हाताची दोन बोटे मात्र अजून नीट मिटत नाहीत. यंदा तिला खुरपे धरता आले नाही.

मी तिला भेटायला परळला गेलो होतो. संध्याकाळी तिच्या नवऱ्याबरोबर फुटपाथवर चहा घेतला. आजूबाजूला आपल्यासारखीच माणसे होती. बिदर, जळगाव, बीड, चिपळूण, कुठून कुठून आलेली. कुणी प्लास्टिक अंथरून झोपलेले, कुणाच्या हातात रिपोर्टची पिशवी. तो मला म्हणाला, "सायब, औषध तर आपल्या तालुक्यातच हुतं की. आमीच त्याच्यापतुर गेलो न्हाई." त्या वाक्याने मला झोप लागू दिली नाही.

परळची ओळख

दवाखान्यात जाण्या-येण्यात आठवडा काढला, तेव्हा परळ-लालबाग पायी हिंडलो. आपल्याला या भागाची अर्धीच ओळख आहे असे वाटले. आपण परळला जातो ते उपचार घ्यायला. पण इथून बाहेर, संकटात सापडलेल्या मुलखात, उपचार घेऊन जाणारी माणसेही निघाली आहेत.

१८९६ साली मुंबईत गाठीचा प्लेग आला. लोक शहर सोडून पळाले आणि रोग गावोगाव पसरला. वाल्डेमार हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञाने मुंबईत प्लेगवरची लस तयार केली आणि जानेवारी १८९७ मध्ये ती आधी स्वतःला टोचून घेतली. पुढे त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नर बंगल्यात आली. तीच आजची हाफकिन संस्था. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार विषारी सापांवर चालणारी लस घोड्यांच्या रक्तापासून बनते, आणि ती बनवण्याचे काम याच संस्थेच्या आवारात पिढ्यानपिढ्या होत आले. म्हणजे आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात फ्रीजमध्ये ठेवलेल्या कुपीचे माहेर परळचे.

त्याच रस्त्यावर शेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय आणि केईएम रुग्णालय आहे. १९२६ साली ते सुरू झाले. इंग्रजांचा काळ, मोठ्या जागांवर गोरे डॉक्टर. पण देणगी देताना अट घातली गेली की इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. या कॉलेजातून तयार झालेल्या एका विद्यार्थ्याची गोष्ट आज मुख्यतः सांगायची आहे, कारण तो विद्यार्थी आपल्या सोलापूरचा. डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस.

बावीस हजारांची वर्गणी

सोलापुरात कोटणिसांचे नाव सर्वांना ठाऊक आहे, त्यांच्या घराचे स्मारकही झाले आहे. पण त्यांनी नेमके काय केले असे विचारले तर "चीनला गेले होते" याच्यापुढे गाडी जात नाही. मीही त्यातलाच होतो.

डॉ. कोटणीस १० ऑक्टोबर १९१० रोजी सोलापुरात जन्मले. वैद्यकीय शिक्षण परळच्या या कॉलेजात झाले. पुढचे उच्च शिक्षण घ्यायची तयारी चालू होती. त्याच वेळी, १९३७ च्या जुलैमध्ये, जपानने चीनवर मोठा हल्ला चढवला. शहरांवर बाँब पडत होते. जखमींचा पूर लोटला आणि शस्त्रक्रिया करू शकणारे डॉक्टर हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. चिनी सेनापती चू तेह यांनी पंडित नेहरूंना पत्र पाठवून डॉक्टर मागितले. त्या वेळी काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. त्यांनी देशाला आवाहन केले. १९३८ च्या जुलैमध्ये ठिकठिकाणी 'चीन दिन' पाळले गेले आणि सुमारे बावीस हजार रुपये जमले.

वाचकहो, इथे जरा थांबा. तेव्हा आपण स्वतःच गुलाम होतो. आपल्याकडे दुष्काळ होता, मलेरिया होता. तरीही लोकांनी पै-पैसा काढून परक्या देशातल्या जखमींसाठी दिला. आपले सगळे नीट झाल्यावर दुसऱ्याचे बघू, असे कुणी म्हटले नाही.

पाच डॉक्टरांचे पथक ठरले. अलाहाबादचे डॉ. अटल हे प्रमुख. ते स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आलेले होते. नागपूरचे डॉ. चोळकर वयाने सर्वांत मोठे. कलकत्त्याचे डॉ. मुखर्जी आणि डॉ. बसू. आणि अवघ्या सत्ताविशीतले डॉ. कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ रोजी 'राजपुताना' बोटीने हे पथक मुंबई बंदरातून निघाले. बेत साधारण एक वर्षाचा होता.

राळ्याची पेज आणि गुहेतला दवाखाना

पथक दक्षिण चीनमध्ये उतरले, तिथून नदीमार्गे आणि रस्त्याने आत आत जात राहिले. चुंगकिंगमध्ये असताना कोटणिसांना वडील गेल्याची बातमी कळली. सोबत्यांनी सांगितले, तू परत जा. ते गेले नाहीत. तिथेच पाचही जणांना चिनी नावे मिळाली. प्रत्येकाच्या नावाला चीन या अर्थाचा 'हुआ' जोडला. कोटणिसांचे नाव पडले 'के दीहुआ'.

फेब्रुवारी १९३९ मध्ये पथक येनानला पोहोचले. हा सगळा पिवळ्या मातीच्या डोंगरांचा मुलूख. लोक डोंगर पोखरून त्यात घरे करून राहत आणि दवाखानेही तसल्याच गुहांमध्ये होते. बाँब पडला तरी आतले रोगी सुरक्षित. खायला काय, तर राळ्याची पेज. आपल्याकडच्या म्हाताऱ्या माणसांना राळे आठवत असतील. आपण ते शेतातून घालवले, तिकडे त्याच राळ्यावर सैन्य जगत होते.

वर्ष संपत आले. डॉ. चोळकर आणि डॉ. मुखर्जी १९३९ मध्ये परतले, डॉ. अटल १९४० मध्ये. कोटणीस आणि बसू मागे राहिले, आणि राहिले ते आणखी पुढे, लढाईच्या तोंडावर गेले. १९४० मधल्या मोठ्या लढाईत कोटणिसांनी तेरा दिवसांत आठशेवर जखमी हाताळले आणि त्यांपैकी साडेपाचशेवर लोकांवर शस्त्रक्रिया केल्या, अशी नोंद आहे. वीज नाही, पक्की इमारत नाही, खाली शेतकऱ्याच्या घरातली जमीन.

ते ज्या भागात गेले तिथे त्यांच्याआधी कॅनडाचे शल्यविशारद डॉ. नॉर्मन बेथून काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोट कापले, त्यातून रक्तात विष भिनले आणि १२ नोव्हेंबर १९३९ रोजी ते गेले. बेथून यांचा आग्रह असा की, जखमी डॉक्टरकडे येईपर्यंत थांबायचे नाही, डॉक्टरने जखमीकडे जायचे. कारण हात-पाय तुटलेल्या माणसासाठी पहिले काही तास महत्त्वाचे. त्यानंतर कितीही मोठा डॉक्टर भेटला तरी उपयोग थोडाच.

पण जायचे कसे? डोंगराळ वाटा, गाडी चालत नाही. एकदा बेथून यांनी पाहिले की शेतकरी गाढवाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना टोपली टाकून शेणखत नेतो आहे. त्यावरून त्यांनी लाकडी खोगीर बनवून घेतले. दोन्ही बाजूंना कप्पे, त्यात हत्यारे, पट्ट्या, औषधे, लाकडी फळ्या. एका खेचरावर पुरे ऑपरेशन थिएटर. गावात पोहोचले की सामान उतरवायचे, फळी टाकायची आणि काम चालू करायचे. शेणखताच्या टोपलीतून दवाखाना निघाला, हे शेतकऱ्याने लक्षात ठेवण्यासारखे आहे. साधन बाहेरून आणायचे म्हटले की वर्ष जाते. हाताशी आहे त्यातून केले तर ते उद्यापासून चालते.

जानेवारी १९४१ मध्ये हेबेई प्रांतातल्या एका खेड्यात बेथून यांच्या नावाने उभारलेल्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे पहिले संचालक म्हणून कोटणिसांची नेमणूक झाली. जखमी तपासण्याइतकेच मोठे काम त्यांनी शिकवण्याचे केले. खेड्यातली पोरे-पोरी, जेमतेम शिकलेली, त्यांना शुश्रूषा आणि शस्त्रक्रिया शिकवायची होती. त्यासाठी ते चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. चिनी भाषेत शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहायला घेतले. आम्ही विस्तार कार्यकर्ते एक गोष्ट नेहमी सांगतो, की शेतकऱ्याला त्याच्या बोलीत सांगितले नाही तर शिफारस कागदावरच राहते. या माणसाने ते परक्या मुलखात करून दाखवले.

तिथेच शुश्रूषा शिकवणाऱ्या कुओ चिंगलान यांच्याशी नोव्हेंबर १९४१ मध्ये त्यांचे लग्न झाले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवले यिनहुआ, म्हणजे भारत आणि चीन. पण कोटणिसांची प्रकृती ढासळत चालली होती. फेफऱ्याचे झटके यायचे. विश्रांतीसाठी त्यांनी काम सोडले नाही. ९ डिसेंबर १९४२ रोजी ते गेले. वय बत्तीस, मुलगा साडेतीन महिन्यांचा. तो मुलगाही पुढे डॉक्टरकीच शिकत होता आणि शिक्षण पुरे होण्याआधीच वारला. चिंगलानबाई २०१२ मध्ये गेल्या.

कोटणिसांच्या कामावर १९४६ साली व्ही. शांताराम यांनी 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला. तो ज्या राजकमल कलामंदिरचा, तो स्टुडिओसुद्धा परळचाच. १९९३ साली भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झाले, २०२० मध्ये गलवानला आपले जवान पडले. दोन्ही देशांत कडवटपणा आला, गेला, पुन्हा आला. पण चीनचे मोठे नेते भारतात आले की कोटणिसांच्या कुटुंबीयांची भेट घेण्याचा रिवाज राहिला. कोटणीस तिथल्या पक्षाचे सभासद झाले होते, ते कुणाला पटेल, कुणाला पटणार नाही. ज्याचा पाय वाचला त्या शेतकऱ्याच्या पोराने मात्र डॉक्टरचा पक्ष विचारला नसेल.

आजची पथके कशी काम करतात

कोटणिसांच्या काळात जे वर्गणी काढून झाले, ते काम आता कायमच्या संस्था करतात. 'मेदसाँ साँ फ्रॉंतिए', म्हणजे सीमा न मानणारे डॉक्टर, ही त्यातली मोठी. १९७१ साली फ्रान्समध्ये काही डॉक्टर आणि पत्रकारांनी ती सुरू केली. १९९९ चे शांततेचे नोबेल तिला मिळाले. युद्ध, दुष्काळ, साथी असतील तिथे ती जाते. आपल्याकडे छत्तीसगडच्या जंगलात तिने फिरते दवाखाने चालवले, मुंबईत गोवंडीला औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगावर काम केले. हे काम जोखमीचे असते. ३ ऑक्टोबर २०१५ रोजी अफगाणिस्तानात कुंदूझ येथे तिच्या रुग्णालयावर अमेरिकी विमानाने मारा केला. त्यात रुग्ण, नातेवाईक आणि कर्मचारी मिळून बेचाळीस जण गेले.

परळच्या केईएममधूनही असे एक रोप उगवले. २००७ साली तिथल्या तरुण डॉक्टरांच्या पुढाकाराने 'डॉक्टर्स फॉर यू' ही संस्था निघाली. दुसऱ्याच वर्षी, ऑगस्ट २००८ मध्ये, कोसी नदीने बांध फोडला आणि बिहारमधले जिल्हेच्या जिल्हे पाण्याखाली गेले. ही मुले तिथे जाऊन राहिली. त्या कामाबद्दल २००९ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलच्या समूहाने संकटग्रस्त भागातले उत्तम वैद्यकीय पथक म्हणून त्यांना गौरवले.

या पथकांच्या कामाची रीत समजून घ्या, कारण ती आपल्याला उपयोगी आहे. त्यातल्या तीन गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट छाननी. शंभर जखमी आले तर जो मोठ्याने ओरडतो त्याला आधी घ्यायचे नाही. ओरडणाऱ्याचा श्वास चालू असतो. गप्प पडलेल्याकडे आधी बघायचे. कुणाला आत्ता, कुणाला तासाभराने, कुणाला उद्या, असे रंगीत चिठ्ठ्यांनी ठरवतात. आपण अपघाताच्या जागी नेमके उलटे करतो.

दुसरी गोष्ट, सामान आधी बांधून ठेवायचे. पटकीची साथ आली की काय काय लागेल याची यादी संकट येण्याआधीच तयार असते आणि पेट्या भरून गोदामात असतात. फोन आला की पेटी उचलायची. बी-बियाण्याची तजवीज आपण रोहिणीच्या पावसाआधी करतो ना, तसेच.

तिसरी गोष्ट, साधा उपाय आधी. पुरानंतर बुडून मरण्याचा धोका ओसरतो आणि घाण पाण्याचा धोका सुरू होतो. १९७१ मध्ये बांगलादेशचे निर्वासित लाखोंनी बंगालमध्ये आले. बनगावच्या छावणीत पटकी सुरू झाली, सलाइन संपले. डॉ. दिलीप महालनबीस यांनी पाण्यात साखर आणि मीठ मोजून घातले आणि ते नातेवाइकांच्या हाती देऊन पाजायला लावले. शंभरातले तीस दगावत होते, ते प्रमाण चारच्या आत आले. आज ज्याला आपण ओआरएस म्हणतो ते हेच. एक लिटर उकळून गार केलेले पाणी, सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ. पाजणारे हात आईचे होते, डॉक्टरचे नव्हे.

आपल्या गावाचे काय?

तुम्ही म्हणाल, साहेब, युद्ध कुठे आणि आपला गाव कुठे! पण बघा. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. संकटाचा मुलूख एका रात्रीत आपल्या शेजारी आला. बाहेरची पथके आली, पण ती यायला वेळ लागला. दगड-मातीखालून पहिली माणसे काढली ती गावातल्याच वाचलेल्या हातांनी. कुठेही असेच होते. पहिले काही तास गावाचे असतात, पथक नंतर येते.

आणि भूकंप तर कधीतरी येतो. साप दरवर्षी निघतो. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे गेली, असा संशोधकांचा अंदाज आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली. हे काय लहान युद्ध झाले? २०१७ साली यवतमाळमध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन वीसवर शेतकरी-मजूर दगावले. संकटाचा मुलूख आपल्या बांधावर आहे. आपण त्याला ते नाव देत नाही, इतकेच.

म्हणून त्या बाईच्या प्रसंगानंतर आम्ही प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विनंती केली. आता दर शेतीशाळेचा पहिला अर्धा तास त्यांचा असतो. त्यातून जे शिकलो ते इथे देतो. कापून भिंतीवर लावले तरी चालेल.

साप चावल्यास माणसाला धीर द्या, चालवू नका, पळवू नका. बांगड्या, अंगठी, कडे, घड्याळ लगेच काढा, सूज आली की ते निघत नाही. चावलेला हात किंवा पाय फळीला हलकेच बांधून न हलेल असा ठेवा. करकचून आवळू नका, कापू नका, चोखू नका, पाला-चुना लावू नका. चावल्याची वेळ लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगा. साप मारण्यात वेळ घालवू नका, त्यात दुसराही चावून घेतो. १०८ ला फोन करा. रुग्णवाहिका लांब असेल तर मिळेल ती गाडी घ्या आणि सरळ दवाखाना गाठा. निघतानाच दवाखान्यात फोन करून लस आहे का विचारा, नाहीतर एका दारावरून दुसऱ्या दारावर जाण्यात तास जातो. रात्री मण्यार चावली तर सूज येत नाही, दुखतही नाही. झोपेतल्या माणसाला पहाटे पोटात दुखले, डोळ्यांच्या पापण्या पडायला लागल्या, तर "पित्त झालं असेल" म्हणून घरी ठेवू नका.

फवारणीचे औषध अंगावर उडाले किंवा चक्कर आली तर कपडे काढून साबणाने अंग धुवा, त्याला सावलीत न्या आणि औषधाची बाटली किंवा तिचे लेबल दवाखान्यात घेऊन जा. कोणते विष आहे हे कळल्याशिवाय उतारा ठरवता येत नाही.

काठी घेऊन गंज आधी हलवा, मग पेंढी ओढा. अंधारात गोठ्यात जाताना बॅटरी घ्या. जमिनीवर झोपणे टाळा, झोपलातच तर मच्छरदाणी गादीखाली नीट खोचा.

आता गावाने काय करायचे? ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत तीन गोष्टी लिहा. लस कोणत्या दवाखान्यात चोवीस तास मिळते, तिथला फोन नंबर आणि रात्री-अपरात्री गाडी काढणाऱ्या चार जणांची नावे. एक पिशवी भरून ठेवा. त्यात पट्ट्या, दोन लाकडी फळ्या, ओआरएसची पाकिटे, साबण, बॅटरी. वस्तीवस्तीवर दोन-दोन माणसे शिकवून ठेवा, त्यात एक बाई हवीच. कारण दिवसा गंजीजवळ आणि गोठ्यात बायकाच असतात.

हे करायला सरकारी योजना लागत नाही, मोठी वर्गणीही लागत नाही. एक शाळामास्तर, एक आशाताई, दोन तरुण मंडळाची पोरे पुरेत. आणि उतरवणाऱ्यालाही त्यात घ्या, हे मी मुद्दाम सांगतो. त्याचा अपमान करून काही होत नाही. लोक त्याच्याकडे जातात ते विश्वासाने. "आधी दवाखाना, मग माझ्याकडे," एवढे त्याच्या तोंडून वदवून घेतले तर शंभर पोस्टरांचे काम होते. आमच्या त्या गावात हे झाले आहे. गेल्या पावसाळ्यात तिथे एका मुलाला नाग चावला. उतरवणाऱ्याने स्वतः मोटारसायकल काढली. पोरगा तासाच्या आत दवाखान्यात होता, आणि चौथ्या दिवशी घरी.

एक सुचवावेसे वाटते. ९ डिसेंबर हा डॉ. कोटणिसांचा स्मृतिदिन. तेव्हा आपल्याकडे ज्वारी पोटरीत असते आणि काढणीला दोन-अडीच महिने असतात. त्या दिवशी गावच्या शाळेत तासभर जमावे. पिशवी उघडून बघावी, संपलेले भरावे, भिंतीवरचे नंबर लागतात का ते पाहावे आणि पोरांकडून फळी बांधून घ्यावी. हार-तुरे नकोत, भाषणही नको.

लालबागहून परतताना त्या बाईला विचारले होते, "ताई, आता कडब्याला हात लावणार का?" ती म्हणाली, "लावल्याबिगर जनावरं काय खातील? पर आता काठी घिऊन जाईन." तिने ऐकले आहे. आता आपण ऐकायचे आहे.